व्हिटॅमिन सी वाली मिरची

५ ऑक्टोबर
आजपासून रोज डायरी. मोठ्या उद्योजकाच्या सुरुवातीची नोंद असायला हवी. सुरतच्या औषधवाल्या पार्टीला व्हिटॅमिन सी भरपूर असलेली मिरची हवी आहे. पप्पा म्हणाले, सॅम्पल पास झालं तर पारस, तू वेगळा धंदा कर. नाहीतर जानेवारीपासून मिरचीच्या पेढीवर गादीवर बसायचं. त्या गादीचा मला तिटकारा आहे. आमच्या पेढीला माल देणारे शेतकरी हिलालआप्पा, त्यांनी शेतातल्या मिरचीच्या चार ओळी दिल्या.

९ ऑक्टोबर
व्हिटॅमिन सीच्या गोळ्या पाण्यात विरघळवून झाडांना घातल्या. साधं लॉजिक. शिखा म्हणाली, आधी वाच तरी. बायकोला व्हिजन नाही.

१२ ऑक्टोबर
वाचलं. झाडात सी पुरेसं झालं की ते बनवणारं एन्झाइम झाड स्वतःच कमी करतं. बाहेरून आयतं मिळालं तरी तेच! शिखाला म्हटलं, आयतं मिळालं की हातपाय हलवत नाही, काय जात आहे ही. ती माझ्याकडे बघतच राहिली. गोळ्या बंद.

१४ ऑक्टोबर
प्रकाश वाढला की सी वाढतं. शेतात हॅलोजन लावले.

१८ ऑक्टोबर
वैताग! हिलालआप्पांचा फोन, भाऊ, झाडले निजू दे, माले बी निजू दे. मम्मींचं त्याहून वरताण. दिव्यांवर किडे मरतात, चातुर्मासात एवढी हिंसा! जेवायच्याच बंद झाल्या. हॅलोजन काढले. विज्ञानाला घरातूनच विरोध.

२ डिसेंबर
मध्ये लिहायचं राहिलं. लग्नसराई. मिरची लालभडक आली, तीही गोळ्या-दिव्यांशिवाय. याला म्हणतात मॅनेजमेंट. तोडून गावाबाहेरच्या मैदानात, मिरची वाळवायच्या पथारीवर पसरली. कडक उन्हात स्वतः खालीवर करतो आहे. शिंकून शिंकून जीव गेला. पप्पा बघायला आले, म्हणाले, आता खरा व्यापारी दिसतोस. आयुष्यात पहिल्यांदा कौतुक!

११ डिसेंबर
खडखडीत वाळली. सॅम्पल सुरतला रवाना.

२० डिसेंबर
पार्टीचा फोन. सॅम्पलमध्ये सी नावालाच. मिरची वाळवली कोणी, म्हणून विचारत होते. उन्हात सी बहुतेक उडून जातं म्हणे, ओली हवी होती. ओली! नंदुरबारात आम्ही ओली घेतो आणि वाळवूनच पाठवतो. तीन पिढ्यांत कोणाला ओली पाठवायचं सुचलं नाही, मलाच कसं सुचणार? रडू आलं. मिरचीमुळे असेल.

२ जानेवारी
गादीवर बसलो. फक्त हा सीझन, असं स्वतःला बजावलं. दुपारी पेंटर आला. पप्पांनी दुकानाच्या पाटीवर स्वतःच्या नावाखाली माझं नाव लिहून घेतलं. संध्याकाळी रंग वाळल्यावर, ते आत गेले तेव्हा मी बोटाने पुसून पाहिलं. ऑइलपेंट आहे.