मिंचोच्या पाच रात्री

९ जानेवारी

पाचही काढले. पाचही! लाचेझारनं सोफियाहून आमच्या सामायिक लेखाचा आलेख पाठवलाय. सोळा दुर्बिणींचे आकडे आहेत, फक्त आमच्या डोंगरावरचे नोव्हेंबरातले पाच बिंदू गायब. विचारलंसुद्धा नाही.

लगेच फोन केला. म्हणाला, "स्नेझाना, चिडू नकोस. त्या पाच रात्रींत ब्लेझार पाचपट उजळली असं दाखवताय तुम्ही. आणि त्या तारखांचं दुसऱ्या कोणाकडे काहीच नाही."

नसणारच. सगळ्यांकडे ढग होते. म्हणून तर आमचे मोलाचे!

"आणि मोजलं कोणी, तर तुमच्या बॉयलरवाल्यानं." वर हसला. माझ्या दोन वर्षं मागे होता कॉलेजात, माझ्या वह्या उतरवून पास झाला. हसतोय.

१० जानेवारी

काल रागात लिहिलं. आज नीट लिहिते.

नोव्हेंबरात मला न्यूमोनिया झाला. घाट बर्फानं बंद, मी घुमटाखालच्या खोलीत तापानं पडून. दुर्बीण मिंचोनं चालवली. अकरा वर्षं तो इथला बॉयलर सांभाळतोय आणि तितकीच वर्षं माझ्याबरोबर घुमट उघडतोय. चित्रं घ्यायला मीच शिकवलं. बरी झाल्यावर चित्रांवरून आकडे मी काढले, पण निरीक्षक म्हणून नाव त्याचंच घातलं — कारण ते त्याचंच काम होतं. माझं घातलं असतं तर कोणी चकार शब्द काढला नसता. हेच झोंबतं.

ब्लेझार म्हणजे एक दीर्घिकाच; तिच्या पोटातलं कृष्णविवर सरळ आपल्या दिशेनं झोत फेकतं. तो कधी भडकेल याचा नेम नाही. म्हणूनच तर इतक्या देशांतली माणसं तिच्यावर डोळे लावून बसलीत. आणि ती भडकली की म्हणायचं काय — मोजणाऱ्याचं चुकलं असेल.

१२ जानेवारी

सगळी चित्रं पुन्हा तपासली. शेजारचे तारे जागच्या जागी, तेवढेच तेजस्वी. चढली ती एकटी ब्लेझार. सगळं लाचेझारला पाठवलं.

१७ जानेवारी

दोन ओळींचं उत्तर. गॅमा किरण पाहणारा उपग्रह त्या आठवड्यात बंद होता, तेव्हा साक्षीदार नाही. विषय सोडून दे.

मिंचोला सांगितलं तेव्हा तो दारातलं बर्फ काढत होता. "जाऊ दे, ताई. पाचच तर होते."

मी त्याच्यावरच ओरडले. तुला राग कसा येत नाही? मान वर न करता फावडं मारत राहिला.

सेव्दा, त्याची बायको, दुपारी बटाट्याचं पातात्निक घेऊन आली. टेबलावर ठेवलं आणि लगेच पाठ फिरवून निघाली. तिला बहुतेक लेखाचं कळलंय. बिचारीला किती लागलं असेल.

३ फेब्रुवारी

फिनलंडच्या आइलाला लिहिलं. तिची मोठी डिश अँटेना हीच ब्लेझार रेडिओ लहरींत बघते. डोळ्यांना दिसणारा प्रकाश आधी भडकतो, रेडिओ मागाहून, कधी कधी तीन-तीन महिन्यांनी. मिंचोचं खरं असेल तर तिच्याकडे आता चढ दिसायला हवा. लाचेझारला यातलं काही बोलले नाही.

९ फेब्रुवारी

आइलाकडून काही नाही. लाचेझारच्या लेखावर शेवटचा हात फिरतोय म्हणे.

२६ फेब्रुवारी

चढतेय! आइलानं लिहिलंय, "दहा दिवस झाले, थांबायचं नाव नाही. काय केलंत तुम्ही तिला?"

धावत खाली बॉयलरच्या खोलीत गेले, कागद मिंचोच्या हातात दिला. त्यानं वाचला. "असं का," म्हणाला आणि हात धुवायला गेला. अकरा वर्षांत या माणसाचा चेहरा मला वाचता आलेला नाही.

२७ फेब्रुवारी

लाचेझारला फोन करून आइलाचे आकडे सांगितले. म्हणाला, "बरं. घालतो परत."

"नावासकट," म्हटलं.

"बॉयलरवाल्याचं नाव? लेखात?"

"मिंचो कारादालिएव. नाहीतर माझे एकोणीस वर्षांचे आकडे काढून टाक. सगळे."

कुरकुरला, मग कबूल झाला. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "एक मात्र सांग. सहाव्या रात्रीही तुमच्याकडे आकाश मोकळं होतं. हवामानाच्या नोंदीत आहे तसं. पाचव्या रात्री ती चढतच होती, म्हणजे शिखर तिथंच कुठंतरी असणार. तेव्हाच का थांबला तो? आता ते कोणालाच कधी सापडायचं नाही."

संतापच आला. एकटा माणूस! दिवसभर बॉयलर, वर माझी शुश्रूषा, मग पाच रात्री उणे बारा अंशांत उघड्या घुमटाखाली. उबेत बसून याला सहावीही पाहिजे. हे सगळं लाचेझारला ऐकवलं आणि फोन ठेवला.

१४ एप्रिल

लेख छापून आला. मिंचोचं नाव आहे, आडनावासकट, स्पेलिंगही बरोबर. उद्या खाली गावात जाऊन स्वतःच्या हातानं देणार. इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

१५ एप्रिल

मिंचो रानात लाकडं आणायला गेला होता. सेव्दानं लेख घेतला, नावावरून बोट फिरवलं. मी म्हटलं, सहाव्या रात्री तो अगदी थकला असेल नाही?

"थकला नव्हता, ताई. तुमच्या खोलीत आला होता, अजून चढतेय म्हणून सांगायला. तुम्ही म्हणालात, भलताच तारा धरून बसलायस, घुमट बंद कर आणि तुझा बॉयलर बघ."

मला आठवत नाही. ताप होता. पण बोलणं माझंच आहे.