बारा मिनिटांचं शुद्ध रेकॉर्डिंग

६ जानेवारी २०२५, सोमवार

'चावी मंडळ' या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आज मोठी घोषणा. (चावीची मनगटी घड्याळं वापरणाऱ्यांचा ग्रुप. सदस्य एकवीस. अॅडमिन व्यंकटराव, परभणीचे रिटायर्ड पोस्टमास्तर.) प्रत्येकाने आपल्या घड्याळाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. किमान दहा मिनिटं. दुसरा कुठलाही आवाज नको. मुदत ५ फेब्रुवारी. निवडलेलं रेकॉर्डिंग १६ तारखेच्या मेळाव्यात स्पीकरवर वाजणार.

निकाल मला आजच माहीत आहे. घड्याळ बोरीच्या शाळेवर रुजू झालो तेव्हाचं. एकोणचाळीस वर्षं सेवा. सेकंदाला पाच ठोके. आणि कान तर काय! मुख्याध्यापक असताना ऑफिसात बसून सांगायचो, चौथीच्या वर्गात सातचा पाढा कोण चुकतंय.

संकल्प : रोज सकाळी अर्धा तास श्रवणाचा सराव. उद्यापासून.

९ जानेवारी, गुरुवार

सराव आज सुरू. (दोन दिवस सर्दी.)

घड्याळाचा आवाज फार बारीक झालाय. पालमच्या एसटी स्टँडसमोर नागेशचं घड्याळाचं दुकान आहे, तिथे नेलं. त्याने कानाला लावलं आणि म्हणाला, "सर, लय झकास चालायलंय. काई करायची गरज न्हाई." मी हट्टाने उघडायला लावलं. साफसफाई, तेलपाणी. घरी आणलं तर आणखीच बारीक. नागेश जाड तेल वापरतो, असा माझा संशय.

शिवाय नागेश पुटपुटतो. कंडक्टर पुटपुटतो. टीव्हीवर बातम्या देणारी बाईसुद्धा आता पुटपुटते. मराठी माणसाचे उच्चार संपले. यावर लेख लिहिणे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळवाल्यांची ये-जा, सराव नाही.

अर्पिता परभणीहून आली. पोरगी तिकडे कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला आहे, त्यामुळे सगळ्यांना सूचना द्यायची सवय. म्हणाली, "पप्पा, कान तपासून घ्या." का, तर म्हणे जेवताना तिने मागून चार हाका मारल्या आणि मी वळलो नाही. आरोप सिद्ध झालेला नाही. तिच्या आईला साक्षीला बोलावलं, तर सत्यशीला पोळी लाटत राहिली, काहीच बोलली नाही. किंवा बोलली असेल. पुटपुटली असेल.

२१ जानेवारी, मंगळवार

घरात शांतता राहावी म्हणून परभणीला कानाच्या दवाखान्यात गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. बीप ऐकू आला की दाबायचं. सुरुवातीला जरा गोंधळ. पण पाचव्या मिनिटाला मला त्यांचा ताल सापडला. मग दर चार सेकंदांनी दाबत गेलो, एकही चुकवला नाही. एकूण त्रेसष्ट. डॉक्टर फाईलवर बराच वेळ लिहीत होते. मी मान हलवून आभार मानले.

स्टँडवर अर्पिता माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "पप्पा, मशीन चालू करायच्या आधीच तुमी नऊ वेळा बटण दाबलं."

उत्साह म्हणतात याला.

दोन्ही कानांना मशीन सांगितलंय. अर्पिताने मला न विचारता ऑर्डर दिली. मी स्पष्ट सांगितलं, १६ फेब्रुवारीपर्यंत हा विषय बंद. स्पर्धकाच्या कानात मशीन दिसलं तर लोक काय म्हणतील?

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आलो आणि पहिलं रेकॉर्डिंग केलं. घड्याळ स्टीलच्या ताटलीत, शेजारी मोबाईल. ऐकलं. अतिशय स्वच्छ. इतकं स्वच्छ की काहीच ऐकू येत नाही. ग्रुपवर नमुना म्हणून टाकलं.

व्यंकटरावांचा मेसेज : "सर, टिकटिक छान आहे, पण मागे पिठाची गिरणी चालू आहे का?"

मी कडक उत्तर दिलं. आमच्या गल्लीत गिरणी नाही. मी इथे तीस वर्षं राहतो.

तरी फाटकापर्यंत जाऊन बघितलं. शेजारच्या सुलाबाईंच्या पडवीत गिरणी. चालू. लोक डबे घेऊन उभे.

सत्यशीलेला विचारलं, ही कधी आली? म्हणाली, "दोन वर्षं झाली. आपलं पीठ तिथंच तर दळतंय."

मला कोणीही कळवलं नव्हतं.

३० जानेवारी, गुरुवार

अडचणींची यादी : गिरणी, पंखा, कुकर, सत्यशीलेच्या बांगड्या. पाच प्रयत्न वाया. दर वेळी ग्रुपवरचे कोणी ना कोणी काहीतरी शोधून काढतात. हे आवाज मीच मुद्दाम मागे घालतोय, असं आता त्यांना वाटायला लागलंय. छाती धडधडते. मुदतीला सहा दिवस.

१ फेब्रुवारी, शनिवार

मार्ग सापडला!!

सोमवारी दहा ते एक लाईट नसते. म्हणजे गिरणी बंद, पंखा बंद. मागच्या खोलीत आतून कडी लावायची. अंगावर तीन गोधड्या. आत मी, घड्याळ आणि मोबाईल. बाहेरचा एक आवाज आत येणार नाही.

शिवाय घड्याळाला आजपासून संपूर्ण विश्रांती. कापसात गुंडाळून डब्यात ठेवलं. सोमवारपर्यंत हात लावायचा नाही, चावी नाही, काही नाही. खेळाडूला मॅचच्या आधी असंच ठेवतात. ताजंतवानं बाहेर येईल.

सत्यशीला म्हणाली, "कडी कशाला लावायलात? घरात मी एकटीच असते." मी म्हटलं, दहा-बारा मिनिटांचा प्रश्न आहे. कलेसाठी एवढं करावं लागतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी १०.४०
लाईट गेली. अंघोळ, दाढी उरकली. सत्यशीला न्हाणीत धुणं घेऊन बसली आहे. तिला सांगितलं, अर्धा तास मला कोणी हाक मारायची नाही. ती काहीतरी म्हणाली. ठीकच असणार.

सकाळी ११.२५
झालं! बारा मिनिटं! गोधडीत मिट्ट काळोख, घड्याळ कानामागच्या हाडाला लावलेलं. इतका स्पष्ट आवाज गेल्या दोन वर्षांत ऐकला नव्हता. एकेक ठोका मोजता येत होता. डोळ्यांत पाणी आलं. (थोडा गुदमरलोही होतो.)

सकाळी ११.३५
ग्रुपवर पाठवलं. खाली लिहिलं : "शुद्ध आवाज. दुसरा कुठलाही आवाज दाखवून द्यावा, मी स्पर्धेतून बाहेर."

दुपारी १२.०५
सत्यशीला घरात नाही. न सांगता गेली. चूल बंद, भात नाही. न्हाणीत बादली आडवी, साबणाचं पाणी उंबऱ्यापर्यंत. एक चप्पल आत, एक बाहेर. पुढचं दार सताड उघडं. हा निष्काळजीपणा तिला शोभत नाही. आली की बोलावं लागेल.

दुपारी १२.१५
व्यंकटरावांचा मेसेज : "सर, हे ऐकवत नाही. वहिनी हाका मारायल्यात. आधी घरात बघा."

त्याखाली आणखी तिघांचे तसलेच. स्पर्धा म्हटलं की माणसं कोणत्या थराला जातात! एवढं चांगलं रेकॉर्डिंग सहन होत नाही. उत्तर लिहायला घेतलं.

दुपारी १२.२०
उत्तर लिहिताना दिसलं. मिस्ड कॉल सतरा. सगळे अर्पिताचे. फोनचा आवाज पूर्ण मोठा आहे. मी तपासला. पूर्ण मोठा आहे.

तिचा मेसेज : "आई पडली. सुलाबाईंनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. तुमी कुठं आहात?"

निघालो.

४ फेब्रुवारी, मंगळवार, परभणी

खुब्याचं हाड. उद्या ऑपरेशन. रात्रभर बाकावर बसून होतो. झोप नाही.

नोंद म्हणून लिहून ठेवतो : तीन गोधड्या आणि कडी लावलेलं दार. कुठल्याही माणसाला ऐकू आलं नसतं. मी हे अर्पिताला दोनदा समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मोबाईलला ऐकू आलं. तोबी गोधडीतच होता."

सुलाबाई म्हणाल्या, गिरणी बंद होती म्हणून त्यांना भिंतीपलीकडून हाक ऐकू आली. त्यांनी माझ्या दारावरही थापा मारल्या म्हणे. "सर, किती बडवलं मी! हाताला मुंग्या आल्या. मग म्हनलं, आधी बाईला न्यावं." मी त्यांचे आभार मानले. त्या काय म्हणाल्या ते मला नीट कळलं नाही. या वेळी पुटपुटल्या असं लिहिणार नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

अडीच तास. ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन बोलायला लागले आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मास्क होता. काही म्हणजे काही कळेना. वाईट बातमी आहे की चांगली, तेही कळेना. मी अर्पिताच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती हसली तेव्हा खाली बसलो.

८ फेब्रुवारी, शनिवार

सत्यशीला बरी आहे. आज पेज घेतली. माझ्याशी काही बोलली, मी "हो हो" म्हटलं. तिने पाणी मागितलं होतं, हे नर्सने दाखवून दिलं.

संध्याकाळी अर्पिताला म्हटलं, ते रेकॉर्डिंग मला ऐकव. ती नको म्हणाली. मीच हट्ट धरला. तिने आपले इअरफोन माझ्या कानात घातले आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला.

पहिली तीन मिनिटं काही नाही. मग धप्प आणि बादलीचा आवाज. मग "अहो." थोडं थांबून परत "अहो." मी मोजायला लागलो. सवय आहे. एकेचाळीस. मधे एकदा ती म्हणाली, "घाबरू नका, पण या." मग सुलाबाईंच्या थापा, "सर! ओ सर!" मग ऑटो सुरू झाल्याचा आवाज. मग पार शेवटपर्यंत शांतता.

एक गोष्ट अर्पिताच्या लक्षात आली नव्हती. तिला माहीत असायचं कारणही नाही.

टिकटिक नव्हती. बारा मिनिटांत एकही ठोका नव्हता.

घड्याळ सोमवारी निघताना घाईत टाकलेलं, तसंच पिशवीत होतं. बाहेर काढून बघितलं. काटे दहा वाजून पाच मिनिटांवर उभे. ही वेळ रविवारची. चावी शनिवारी सकाळी दिलेली, रविवारी संपली. सोमवारी गोधडीत मी बंद घड्याळ कानाला लावून बसलो होतो आणि एकेक ठोका मोजत होतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

व्यंकटरावांना फोन केला. अर्पिताने शेजारी बसून मला त्यांची उत्तरं कागदावर लिहून दिली. स्पर्धेतून नाव मागे घेतलं. ग्रुपवरून रेकॉर्डिंग काढून टाकायला सांगितलं. त्यांनी ते त्याच दिवशी काढलं होतं. एकवीस जणांपैकी कुणीही मला एक शब्द विचारला नाही, याचं बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दोन्ही कानांना मशीन. तक्रारी : कागद फार वाजतो. एसटीचं इंजिन म्हणजे अत्याचार. स्वतःचं चघळणं ऐकून भूक मेली. मेळावा परवा झाला. कोणाचं रेकॉर्डिंग वाजलं, विचारलं नाही.

उद्या सत्यशीलेला घरी आणायचं.

२३ फेब्रुवारी, रविवार, पालम

सत्यशीलेची कॉट पुढच्या खोलीत टाकली आहे. दीड महिना उठायचं नाही. स्वयंपाक मी करतो. आज खिचडी जमली असं माझं मत आहे.

दुपारी सुलाबाई तिला भेटायला आल्या. मी आत भांडी घासत होतो. त्यांना वाटलं, मशीन लावलं तरी भिंतीपलीकडचं मला थोडंच ऐकू येणार.

सुलाबाई विचारत होत्या, "बाई, सरांना ऐकू येत न्हाई, हे तुमाला कळलं न्हवतं का?"

सत्यशीला म्हणाली, "दोन वर्षं झाली की. मी त्यांच्या फुडं जाऊन उभी राहून बोलायची. दरवेळी. भाजी चुलीवर सोडून जायची. म्हंजी त्यांना वाटावं, ऐकू यायलंय. त्यांचा लय जीव हाय त्या कानांवर." मग म्हणाली, "त्या दिवशी मला फुडं जाता आलं न्हाई, एवढंच."

मशीनला छोटं बटण आहे. दोनदा दाबलं. आवाज कमी झाला. पातेलं हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

मग परत वाढवला.