तुमची पाटी माझ्याकडे आहे

मिस, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. मराठीतून. घाला आता पाटी गळ्यात. पण ती कुठून घालणार, ती तर माझ्या कपाटात आहे, इथे सावेडीत. सुतळी ओवलेली लाकडी पाटी, वर इंग्रजीत रंगवलेलं, ‘मी आज मराठी बोलले’. वर्गात जी मराठी बोलेल तिच्या गळ्यात ती पडायची, आणि तिने दुसरीला पकडून दिलं की तिची सुटका. मैत्रिणींच्या चहाड्या करायला आम्हाला तुम्हीच शिकवलंत.

त्या दिवशी तुम्ही ‘टेक’ शिकवत होता. बस घ्यायची तर टेक, औषध घ्यायचं तर टेक, फोटो काढायचा तर टेक, वेळ लागला तर टेक, आणि सूड घ्यायचा तरी टेकच. तेवढ्यात दारात माझी आई. काष्टीहून पहिल्या एसटीने आलेली, हातात भाकरीचं फडकं. "बाई, माझी लेक हॉस्टेलात येळेवर जेवती का न्हाई?" तुम्ही वर्गाकडे पाहता, समोरच्या मुलीच्या गळ्यातली पाटी उतरवता आणि आईपुढे धरता. "टेक, मदर, टेक." वर्ग खिदळतो. आईला वाटतं, बक्षीस. पदर सावरून ती दोन्ही हातांनी पाटी घेते, कपाळाला लावते. "लई उपकार झालं, बाई." आणि घेऊन जाते. तुम्ही तिला थांबवलं नाहीत. दुसऱ्या दिवशी नवी पाटी तयार होती.

आईने ती दर दसऱ्याला माझ्या पुस्तकांशेजारी मांडून पुजली, हळदकुंकू वाहिलं. शेजारणींना सांगायची, "पोरीच्या बाईंनी दिली, इंग्रजीची हाय." मरेपर्यंत. मी इंग्रजीचीच शिक्षिका झाले, निवृत्त होईपर्यंत ‘टेक’ शिकवलं आणि एकीच्याही गळ्यात काही अडकवलं नाही. तो निम्मा सूड. उरलेला आज सकाळी घ्यायचा होता. शाळेत जुन्या मुलींचा मेळावा, तुमचा फोटो, त्याला झेंडूचा हार, आणि तुमच्याविषयी दोन शब्द बोलायला मी. पिशवीत पाटी. हार काढायचा, पाटी अडकवायची आणि सगळं खणखणीत सांगायचं, असं ठरवून गेले होते. माइकपाशी उभी राहिले, पिशवीत हात घातला, कुंकवाने कडक झालेली सुतळी बोटांना लागली. पहिल्या रांगेत आमच्याच वर्गातल्या सातआठ म्हाताऱ्या. त्यांनाही तो दिवस आठवत असणार. मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले.

हे पत्र पाटीला गुंडाळून परत कपाटात ठेवते आहे. तुम्हाला माफ केलेलं नाही, गैरसमज नको. पण मिस, त्या दिवशी वर्गात सगळ्यात आधी हसले ती मी. आईने पाटी कपाळाला लावताना माझ्याकडेच पाहिलं होतं, आणि मला हसताना बघून तीही हसली.