मोरीचा पाइप आणि तुझे चौदा महिने

चि. कारीनास रेनोकाकाचे अनेक आशीर्वाद. तुझ्या बाबांचा गुडघा कसा आहे? माझा जिना दिसला की रुसतो. बाकी तब्येत ठीक. तळ्यावरचा बर्फ अजून हटत नाही, त्यामुळे होडी आणि मी दोघंही अंगणात पडून आहोत.

इंजिनिअरच्या परवान्यासाठी चार वर्षांचा अनुभव दाखवायचा, त्यातले चौदा महिने तू माझ्या हाताखाली काढलेस, आणि त्याची साक्षही मीच द्यायची! म्हणून सोमवारी थंडर बेच्या लायब्ररीत गेलो (तळ्यावर इंटरनेट नाही, आणि नकोच आहे). साक्षीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा, आणि वीस मिनिटं काही लिहिलं नाही की ते पान आपोआप बंद होतं. मी एका बोटानं, विचार करून लिहिणारा माणूस. तीनदा बंद झालं. तिथल्या पेलेतिएबाई म्हणाल्या, "काका, आधी लिहा, विचार नंतर करा." (जन्मभर पूल बांधलेल्या माणसाला हा सल्ला!)

मग फॉर्ममध्ये तू अनुभवाबद्दल लिहिलेला मजकूर वाचला. बीव्हरच्या नाल्यावरच्या, रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोरीचा पाइप म्हणे 'रेनो कालिओ यांच्या अनुभवी नजरेमुळे' वेळीच बदलला. अगं शहाणे, माझी अनुभवी नजर तेव्हा डब्यातल्या सँडविचवर होती! पाऊण मीटरचा पाइप मीच ठरवला होता, नेहमीच्या सवयीनं. तू नाल्याच्या कडेनं वर चालत गेलीस, बर्चच्या बुंध्यांवरच्या जुन्या पुराच्या खुणा मोजून आलीस आणि म्हणालीस, दीड मीटरचा हवा. त्यावर मी खोदयंत्राच्या ड्रायव्हरसमोर ओरडलो, "चाळीस वर्षं मोऱ्या घालतोय मी, झाडांना विचारून नाही घातल्या!" तो फिदीफिदी हसला. मी घरी जाऊन तीनदा हिशोब केला, तिन्ही वेळा तूच बरोबर. मुकाट्यानं ऑर्डर बदलली. रविवारी तुझ्या दाराला धुरावलेला मासा अडकवून आलो. तू म्हणालीस, 'छान होता.' अगं, ती माफी होती! आपल्या लोकांत तोंड उघडण्यापेक्षा मासा देणं सोपं, पण तुला ते कळेलच असं मी धरून चाललो, हीसुद्धा माझीच चूक.

आईला नमस्कार सांग. जेवत जा, फार वाळली आहेस.

तुझा,
रेनोकाका

ता. क. : 'उमेदवाराने स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेतला का?' असा एक प्रश्न होता. तुझा मजकूर खरा धरला तर उत्तर एकच. मी 'नाही' केलंय. रागावू नकोस. पेलेतिएबाई म्हणतात, दुरुस्तीला फॉर्म तुझ्याकडे परत येईल. त्यात खरं लिही, की मी लगेच 'होय' करतो. माझी अब्रू राखायला तुझा परवाना अडकवायचा नाही, समजलीस?

ता. क. २ : माझी चूक लिहायला तुझा हात धजणार नाही, मला माहीत आहे. म्हणून सगळी हकीकत मीच लिहून, सही करून सोबत जोडली आहे. ड्रायव्हरसमोर बोललेलं वाक्यही आहे, ते खोडू नकोस. काल मुद्दाम तिकडे गेलो होतो. वरच्या बाजूचा बर्फ वितळून नाला दुथडी भरलाय, पाणी पाइपाच्या वरच्या काठाला लागलंय, आणि तरी रस्त्यावरून लाकडाचे ट्रक चाललेत. पोरी, तू बरोबर होतीस. हे मी त्याच दिवशी, त्या ड्रायव्हरसमोर म्हणायला हवं होतं.