हडळीचा साधा फोटो

सौ. दीपा हिस,

बोईसरहून ज्ञानेश्वरीचा नमस्कार. तुझ्या आईंना वाकून नमस्कार सांग. (पुढचं वाचल्यावर त्या तो परत करतील, पण मी केला होता एवढं लक्षात असू दे.) तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणार आणि कंबरेला दोष देत असणार, हे इथे बसून मला दिसतं. आमचं म्हणशील तर सगळं ठीक. वारा कारखान्यांकडून आला की औषधांचा वास येतो, समुद्राकडून आला की सुकटीचा. आम्हाला आता दोन्ही कळत नाहीत. पाहुणा आला की त्याच्या तोंडाकडे बघून आज कुठला वारा आहे ते ओळखतो.

एवढा फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर तुझ्या आत्याचा विषय काढला की तुझ्या कुकरच्या शिट्ट्या व्हायला लागतात. एकदा तू बँकेत होतीस, तिथेही झाल्या. पत्राला कुकर नसतो.

आम्ही सांगलीहून इकडे आलो तेव्हा तूच म्हणाली होतीस, "आमची एक आत्या असते त्या भागात. शोधू नकोस." त्यामुळे शोधणं आलंच. सापडली, आणि तिनंच तिच्या वरच्या मजल्यावरची जागा रिकामी असल्याचं सांगितलं, म्हणून आम्ही इथे राहिलो. ती सिनेमात गेल्यापासून तुमच्या घरात तिचं नाव निघत नाही हे मला ठाऊक आहे. बाकी देशात ते निघतं, पण हिमानी या सिनेमातल्या नावानं. आपल्या पिढीची मुलं व्हिडिओ भाड्यानं आणून, उशीआडून 'बावडी की बहू' बघायची, त्यातली हडळ म्हणजे ही. बारा सिनेमे आणि अकरा वेळा हडळ. ("बाराव्यात नर्स होते," ती म्हणाली होती, "पण मध्यंतरानंतर मरते आणि पुढचं तुला माहीत आहेच.")

ती गेली ते तुला कळवलंच. सकाळी दाराला लावलेली दुधाची पिशवी दुपार होत आली तरी तिथेच होती, म्हणून मी दार वाजवलं. झोपेतच गेली होती. तू फोनवर "बरं" म्हणालीस आणि नंतर "तिकडेच करून टाका" म्हणालीस. केलं. पण त्यानंतर काय काय झालं ते तू ऐकलं नाहीस, ते आता वाचायचं.

तू येत नाहीस म्हटल्यावर पोलिसांना सहीसाठी तिच्या फोनमधून दुसऱ्या कुणा नातेवाइकाचा नंबर हवा होता, म्हणून त्यांनी नाक्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या विक्रमला बोलावलं. त्यानं फोन उघडला, पडद्यावर विहिरीतून वर येणारी हडळ बघितली, आणि ती हीच असं मी सांगताच मटकन खाली बसला. हा विक्रम हिमानीचा परमभक्त. दुकानात आत, चार्जरांच्या मागे, तिचंच पोस्टर लावलंय त्यानं. आणि दीपा, तुझी आत्या वर्षानुवर्षं त्याच्याच दुकानात जायची. "ताई, कव्हर बदलून न्यायच्या. मी कव्हरकडे बघायचो," एवढंच तो म्हणाला आणि पोलिसांसमोर रडला. त्यांना वाटलं नातेवाईक सापडला. त्याची सही घेऊन टाकली.

संध्याकाळपर्यंत भक्तमंडळ जमलं. कारखान्यांतले, पॉवर प्लँटमधले, पालघरहून तर भाग्येश नावाचा एक गृहस्थ टेम्पो करून माणसं घेऊन आला. रडणारे पुरुष मी पाहिले आहेत, पण जिन्यात ओळीनं बसून, नंबर लावून रडणारे प्रथमच. आता 'बावडी की बहू'मध्ये हडळ तहानलेली असते आणि दाराशी पाणी ठेवलं की शांत होते. म्हणून या मंडळींनी तिच्या बंद दाराशी पाणी ठेवायला सुरुवात केली. तांबे, कळश्या, बाटल्या, एकानं वीस लिटरचा जार. आमच्याकडे नळ एक दिवसाआड, त्यामुळे पहिले दोन दिवस बायकांनी ते पाणी निमूट घरी नेलं. (मीही नेलं. भांडी घासली. हडळीच्या पाण्यानं भांडी स्वच्छ निघतात.) भक्तांना वाटलं, आत्मा पाणी पितो. मग काय, दुप्पट पाणी. रोज सकाळी वॉचमन बेल वाजवून सांगायचा, "मैडम, आपकी आंटी का पानी आ गया." शेवटी आमचे सेक्रेटरी प्रतापराव कळशीत पाय अडकून अर्धा जिना उतरले, आणि सोसायटीनं मला नोटीस दिली. का, तर मयत माझ्या ओळखीची.

हे सगळं मी सोसलं असतं, पण मग फलक आला. इथे माणूस गेला की नाक्यावर श्रद्धांजलीचा फलक लागतो. वर गेलेल्याचा फोटो, खाली शोकाकुल मंडळींचे फोटो, त्यातले निम्मे गॉगल लावलेले. विक्रमनं स्वतःच्या खर्चानं फलक केला. त्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्याखाली पुरुषभर उंचीची तुझी आत्या. पांढरे डोळे, बाहेर आलेले दात, हनुवटीवरून ओघळणारं रक्त आणि भोवती झेंडूच्या हाराची चौकट. दुसऱ्या दिवशी सकाळी फलकाखाली लिंबं, कुंकू आणि अंडं. कुणीतरी उतारा टाकला होता. शाळेच्या रिक्षा पलीकडच्या गल्लीतून जायला लागल्या. विक्रम मात्र भारावलेला. "ताई, बघा लोक किती मानतात."

आणि मग आमची कमळी आली. दातिवऱ्याहून मासळी घेऊन येते, आत्याकडे तिची टोपली न चुकता उतरायची. ती नाक्यावर टोपली खाली ठेवून फलकाकडे बघत उभी राहिली. मी शेजारी गेले.

"ही कोण हाय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

"नाय," कमळी म्हणाली. "माजी बाय नाय ही. माजी बाय बोंबील घेताना हसायची." मग विक्रमकडे वळून, "तुमी येवडे बाप्ये जमले, मेल्यावर बायचं तोंड तरी धुवायचं व्हतं."

विक्रमचा चेहरा पडला. त्यानं त्याच दुपारी फलक उतरवला आणि मला वचन दिलं की रविवारी महिना होतो त्या दिवशी शोकसभेला आत्याचा साधा फोटो लावायचा, साध्या चेहऱ्याचा. त्या क्षणापासून मी कामाला लागले आहे आणि दीपा, मी आता पार वैतागून गेले आहे. भक्तांकडे तिचे शेकड्यांनी फोटो, सगळे दातवाले. एक देखणा साधा फोटो मिळाला तर ती दुसरीच नटी निघाली. भाग्येशनं हडळीच्या फोटोतले दात मोबाइलवर पुसून बघितले. दातांबरोबर ओठ गेले, मग त्यानं कुणाचे तरी ओठ लावले, आणि तयार झाले ते आमचे प्रतापराव, साडीत. आधारकार्डावरचा फोटो काढला. तो बघून विक्रम हळूच म्हणाला, "ताई, त्यापेक्षा सिनेमातला बरा." घरात भिंतीवर फक्त किराणावाल्याचं कॅलेंडर. मी कधीतरी तिला विचारलं होतं, तुमचा एकही फोटो कसा नाही. भाजी निवडता निवडता म्हणाली, "फोटोत मी नेहमी मेलेलीच गं. जिवंत असताना कुणी काढलाच नाही." मी त्या वेळी हसले. माझ्या हातात फोन होता, आणि तरी मी फोटो काढला नाही. आता रोज रात्री फोनमधले माझे डोशाचे फोटो मागे सारत बसते.

तुला यात काही करायला सांगत नाही. तुमच्या घरचं तुम्ही जाणा. फक्त मन मोकळं केलं. कंबरेला शेक घे.

तुझी,
ज्ञानेश्वरी

ता. क. : खोटं लिहिलं. करायला सांगते आहे. तुझ्या बारशाचा फोटो तू मला हॉस्टेलवर दाखवला होतास. पाळण्यावर वाकून तुझ्या कानात नाव सांगणारी आत्या, कपाळावर कुंकू, आणि तोंडभर हसू. तुझ्या आईंच्या कपाटात आहे तो. कोपरा दुमडलेला होता, चेहरा शाबूत होता.

ता. ता. क. : व्हॉट्सॲपवर पाठवू नकोस. भाग्येशच्या हाती लागला तर फोटोला दात येतील. घेऊन ये. शुक्रवारी रात्री निघालीस तर रविवारची सभा आरामात गाठशील. झोपायला गादी कडक आहे, कंबरेला चांगली.

आणखी एक : शोकसभेच्या नव्या फलकावर शोकाकुल म्हणून बारा भक्त आहेत, पण सगळ्यांत वर घरच्या माणसाची जागा विक्रमनं मोकळी ठेवली होती. "ताई, घरचं एक तरी नाव लागतं," असं तो तीनदा म्हणाला, म्हणून मी तुझं नाव दिलं. फोटोही मागत होता. माझ्याकडे तुझा एकच आहे, कॉलेजच्या गॅदरिंगमधला, तू हवालदार झाली होतीस तो, मिशीवाला. तोही दिला. शनिवारी संध्याकाळी छापायला जाणार आहे. एकाच घरातल्या दोघी बायका रंग फासून बोईसर नाक्यावर लागायला नको असतील, तर त्याआधी दोघींचे साधे चेहरे घेऊन पोच.