सगळ्या गल्लीचा आरसा

आक्का, तुझ्या नातवानं, माझ्या पोरानं, हिंडलग्यात घर बांधलंय आणि त्या घरानं माझं डोकं उठवलंय. तू असतीस तर तुझ्यापाशी बसून कुरकुरलो असतो. आता निपाणीत माझं ऐकून घेणारं कोण उरलंय, म्हणून लिहितो.

वास्तुशांतीनंतर राहून आलो. स्वयंपाकघरं दोन आहेत. एक बघायचं, एक करायचं. बघायच्या स्वयंपाकघरात फोडणी द्यायची नाही, भिंतीला वास लागतो म्हणे. मी विचारलं, "मग ह्यात करायचं काय रं?" तर म्हणतो, "आप्पा, आता सगळीकडं असंच असतंय." जितक्या खोल्या तितके टीव्ही. सून नोकरीपायी बेंगळुरात, नात तिच्यापाशी. हा ऑफिसातनं येतो आणि फोन बघत उभ्या उभ्या जेवतो. मी वैतागून म्हणालो, "माझ्या आईनं जन्मभर विड्या वळल्या, घरात काय न्हवतं, तरी सुखात होती."

परत येताना बसमध्ये वाटलं, हे मी काय बोललो? तंबाखूच्या धुरळ्यानं तुझी छाती भरलेली, त्यात सुख कसलं. आणि तुला काही नको होतं असंही नाही. दारावर आरसा असलेली, कपाटाएवढी लोखंडी तिजोरी तुला किती वर्षं हवी होती. दुकानासमोरून जाताना तुझा पाय अडायचाच.

ती हातगाड्यावरून आली तो दिवस मला अजून दिसतो. तू साबणानं हात धुतेस, मगच तिला हात लावतेस. तुझ्याबरोबर विड्या वळणाऱ्या बायका मांडीवरची सुपं खाली ठेवून आत येतात. एक आरशात बघून म्हणते, "अगं बया, मी एवढी काळी हाय व्हय?" दुसरी म्हणते, "आरसा नवा हाय, तू जुनीच हाईस." त्यानंतर गल्लीतली प्रत्येक नवरी आपल्याच आरशासमोर नटली. आरशावर हळदीची बोटं उमटायची. मी एकदा तणतणलो, आपला आरसा घाण करतात म्हणून. तू कसलं झापलंस मला! "आपला म्हंजी कुनाचा रं? मी एकटी काय बघू त्यात, माझा खोकला?"

मग पोराला काय सांगू? वस्तू घेऊ नको म्हणू? तूही घेतलीसच की. तू घेतलंस ते दार उघडं ठेवून, आणि हा घेतो ते दार लावून. एवढं समजावायला गेलो की तो म्हणतो, जुन्या गोष्टी सांगू नका.

मला सोडायला स्टँडवर आला होता. "तुमची खोली तयार हाय. तिथं एसी हाय, गरम पाणी हाय. आणि काय पायजे ते सांगा, आणतो. कायमचं राहायला येताय का, रविवारपातूर कळवा." मी म्हणालो, "मला काय नको." त्याचं तोंड उतरलं. बस हलली तरी तो तिथंच उभा. एवढं सगळं सांगितलं, पण तुमच्याबिगर करमत न्हाय, हे काही त्याच्या तोंडातनं निघालं नाही.

उद्या रविवार. येतो म्हणून फोन करणार आहे. चिडचिड होणारच आहे तिथं, पण त्याचं ते उभ्यानं जेवणं मला बघवत नाही. आणि आक्का, करमत मलाही नाही. पण फोनवर तसं म्हणणं मला जमेल असं वाटत नाही.