मागच्या सीटचं वजन

बर्चिप,
६ जून १९८८

ती. थेल्माताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या धाकट्या भावाचं डोकं ठिकाणावर नाही हे तुला तो पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. आता ते गावालाही कळलं. मी दोन माणसांचं उडतं ट्राइक बांधतोय. तीन चाकांचा सांगाडा, मागे इंजिन, वर कापडी पंख, आणि सगळा सांगाडा एका बोल्टाने पंखाला लटकलेला. चालवणारा पुढे, सोबतीण त्याच्या मागे, जराशी उंचावर. शेजारच्या गॉर्डनने विचारलं, अठ्ठावन्नाव्या वर्षी तुला सोबतीण कुठली रे मिळायला? मी म्हटलं, बहीण आहे की. त्यावर तो म्हणाला, तिला विचारलंस का?

म्हणून विचारतो. पहिली फेरी तुझी. पंख केवढा घ्यायचा हे ठरवायला तुझं वजन लागेल. बाईमाणसाला वजन विचारू नये एवढी अक्कल मलाही आहे, पण नाइलाज आहे.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
मर्व्ह

अल्व्हरस्टोन,
२० जून

चि. मर्व्हला
अनेक आशीर्वाद.

ब्याऐंशी किलो. गॉर्डनच्या कानावर गेलं तर तुझे कान उपटीन. तुझं पहिलं विमान शेततळ्यात बुडालं, दुसऱ्याचा पंख मेंढ्यांनी खाल्ला. तिसऱ्यात मला बसवतोस, तेव्हा मृत्युपत्र करून ठेवलेलं बरं.

इथे बेटावर जूनचा हिवाळा कडक आहे, बागेत जाणं होत नाही. वसंतात बघू. बांधलेलं सगळं मात्र कळवत जा, वाचायला मजा येते.

तुझी,
थेल्मा

बर्चिप,
११ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उडालो. मागच्या सीटवर गव्हाचं पोतं बांधलं, मोजून ब्याऐंशी किलोंचं. दांडी ढकलली की वर जायचं, ओढली की खाली. मी घाबरून नेमकं उलटं केलं आणि गॉर्डनच्या लसूणघासात उतरलो. पोतं अवाक्षर बोललं नाही. गॉर्डन म्हणाला, तुझ्यासोबत टिकलेली ही पहिलीच सोबतीण.

ऑक्टोबरात बोटीने ये, मी मेलबर्नला घ्यायला येतो. एक मात्र थट्टेवारी नेऊ नकोस. पंख तुझ्या आकड्यावर बेतलाय, आकड्यात फरक असेल तर आधी सांग.

वाट पाहणारा,
मर्व्ह

अल्व्हरस्टोन,
१९ सप्टेंबर

चि. मर्व्हला
अनेक आशीर्वाद.

आकडा खोटा होता. ब्याऐंशी मी गेल्या वर्षी होते. आता एकावन्न आहे. फेब्रुवारीत पोटाचं ऑपरेशन झालं. आता देण्यासारखं औषध उरलं नाही, असं डॉक्टर म्हणतात.

तुला कळवलं नाही, कारण तू रडतोस आणि समजूत मलाच घालावी लागते. शिवाय तू धडधाकट बहिणीसाठी पंख बांधत होतास, ते वाचताना मला बरं वाटायचं. बोटीचा प्रवास आता झेपणार नाही. पोत्यालाच फिरव.

माफ कर.

थेल्मा

बर्चिप,
२६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रडलो. गॉर्डनने समजूत घातली, तुझं काम वाचलं.

तुझी सीट मी पंखाला लटकवणाऱ्या त्या बोल्टाच्या बरोबर खाली ठेवलीय. तिथे ब्याऐंशी बसो की एकावन्न, तोल जात नाही. यात माझी हुशारी नाही, सगळेच तशी ठेवतात. पंख तेवढा ऐसपैस झालाय, म्हणजे आपण लवकर वर जाऊ.

तू येऊ नकोस. पंखाची घडी होते, सांगाडा ट्रेलरवर मावतो. गॉर्डन मेंढ्या सांभाळेल. शुक्रवारच्या बोटीने निघून शनिवारी तुझ्या बेटावर, डेव्हनपोर्टला उतरतो. मला बोट लागते, तेव्हा ओकत ओकतच येईन. डॉक्टरांना विचारून ठेव. नाही म्हणाले तर ट्राइक तुझ्या अंगणात उभं करू. तू मागे बस, मी पुढे बसतो, आणि निघायची घाई कोणी करायची नाही.

लोभ आहे तसाच ठेव, आणि मी पोचेपर्यंत धीर धर.

तुझा,
मर्व्ह